कुत्र्याने किडा खाल्ला तर काय करावे?

वर्षावास सुरू आहे. विहारात ग्रंथवाचन चालू आहे आणि बाहेर पाऊस. पावसाळ्यात भिक्खूंनी एका जागी राहावे हा नियम तथागतांनी घालून दिला. त्यामागचे एक कारण विनयात सांगितले आहे. या दिवसांत गवतातून, चिखलातून असंख्य बारीक जीव बाहेर पडतात आणि चालणाऱ्याच्या पायाखाली चिरडले जातात. ते जीव आजही याच दिवसांत बाहेर पडतात. वस्तीतल्या दिव्याखाली पंखवाल्या किड्यांचा खच पडतो, गटाराच्या झाकणाखालून झुरळे वर येतात, मोरीत गोम दिसते, विटांच्या ढिगाऱ्यात विंचू निघतो. आणि दारातला कुत्रा यातले दिसेल ते तोंडात घालतो.

मग घरात एकच धांदल उडते. कोणी म्हणते दूध पाजा, कोणी म्हणते मिठाचे पाणी, कोणी तेलाची वाटी आणते. पोरे कुत्र्याचा जबडा फाकवून घशात बोट घालायला बघतात. कुत्र्याने खाल्लेल्या किड्याने सहसा काही होत नाही, पण या धांदलीत कुत्र्याला आणि माणसालाही इजा होते. म्हणून या महिन्यात हा विषय घेतला आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सगळ्या घराने पाठ करावी. कुत्र्याच्या तोंडात हात घालायचा नाही. का, ते पुढे सांगितले आहे.

बहुतेक वेळा काहीच करावे लागत नाही

झुरळ, माशी, पतंग, नाकतोडा, रातकिडा, पावसाळी किडे, दोन-चार मुंग्या हे कुत्र्याच्या पोटात गेले तर जठरातल्या आम्लात त्यांचे पचन होते. झुरळाचे किंवा भुंग्याचे कडक पंख घशाला टोचले तर कुत्रा खोकतो, ओकारी काढतो, एखादी उलटी करतो. तासाभरात तो शेपटी हलवत भाकरी मागायला आला, तर विषय संपला. त्याला फक्त स्वच्छ पाणी ठेवा. मुद्दाम उलटी करवू नका आणि कोणतेही औषध देऊ नका.

नुसत्या किड्याच्या नावावरून घाबरू नका. कुत्र्याकडे पाहा. तो नेहमीसारखा श्वास घेतो का? चालतो, हाक मारली की बघतो का? तोंड सुजले आहे का? घरचा शांत कुत्रा असेल तर ओठाची कड बाहेरून हलकेच उचलून हिरडी बघा. निरोगी कुत्र्याची हिरडी गुलाबी असते (काही कुत्र्यांची मुळातच काळी असते, त्यांच्यात हा रंग कळत नाही). हिरडी पांढरीफटक किंवा निळसर दिसली, श्वासाला घरघर लागली, कुत्रा लडखडला, अंगाला थरथर किंवा झटके आले, किंवा पुन्हा पुन्हा उलट्या होऊ लागल्या, तर घरी वाट बघत बसू नका.

मधमाशी आणि गांधीलमाशी

उडणारी माशी पकडायला कुत्रा झेप घेतो आणि डंख जिभेवर, ओठावर किंवा घशात बसतो. ओठाला किंवा गालाला डंख बसला तर तेवढी जागा सुजते, कुत्रा पंजाने तोंड चोळतो, कण्हतो. ही सूज दिवसभरात उतरते. डंख घशात बसला तर आतली सूज श्वासाची वाट अडवू शकते. काही कुत्र्यांना माशीच्या विषाची तीव्र ॲलर्जी असते. त्यांच्यात काही मिनिटांतच सगळे तोंड सुजते, उलट्या-जुलाब होतात, कुत्रा गळून पडतो.

काय करावे:

- कुत्र्याला माशांपासून दूर न्या. पोळ्याजवळ उभे राहिलात तर तुम्हालाही डंख बसतील.
- प्यायला थंड पाणी द्या. फडक्यात बर्फ गुंडाळून सुजेवर बाहेरून थोडा थोडा वेळ धरा.
- मधमाशीचा काटा ओठावर बाहेरून दिसत असेल तर नखाने खरवडून काढा. गांधीलमाशी काटा सोडत नाही, तो शोधत बसू नका.
- पहिला अर्धा-पाऊण तास जवळ बसा. त्यानंतरही संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवा.
- चेहरा भराभर सुजत असेल, श्वासाचा आवाज येत असेल किंवा एकाच वेळी अनेक माशा डसल्या असतील, तर ताबडतोब पशुवैद्याकडे न्या.

माणसाची सर्दी-ॲलर्जीची गोळी आपल्या मनाने देऊ नका. अशा काही गोळ्यांत सर्दीचे दुसरे औषध मिसळलेले असते आणि ते कुत्र्याच्या हृदयावर जाते. कोणती गोळी, किती द्यायची हे कुत्र्याचे वजन बघून डॉक्टरच ठरवतात.

विंचू, गोम, सुरवंट आणि बेडूक

विंचू खाताना कुत्र्याला नांगी लागते ती बहुधा तोंडावर किंवा पंजावर. कुत्रा एकदम केकाटतो, लाळ गळते, तो पंजा टेकत नाही. लहान पिल्लाला यातून धोका जास्त. धाप लागली, अंग थरथरू लागले तर दवाखाना गाठा. डंखाच्या जागी चिरा देऊ नका, करकचून बांधू नका.

कुत्र्याला विंचू सापडला, म्हणजे घरातही विंचू आहे असे समजा. मुलांना चप्पल-बूट झटकून घालायला लावा, अंथरूण झाडून घ्या. लाल विंचवाचा दंश लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी या दंशावर प्राझोसीन हे औषध वापरून मृत्यू टाळता येतात, हे दाखवून दिले. विंचू उतरवणाऱ्याकडे मुलाला नेऊन वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि थेट रुग्णालयात न्या.

सुरवंटाचे केस कुत्र्याच्या जिभेत रुततात. तो सारखी लाळ गाळतो, जीभ बाहेर काढतो. गोमेच्या चाव्याने ठणका लागतो आणि सूज येते. पावसाळ्यातला खरखरीत कातडीचा मोठा बेडूक किडा नसला, तरी तोही कुत्रे तोंडात धरतात. त्याच्या कातडीतून निघणाऱ्या द्रवाने तोंडाला एकदम फेस येतो.

तुमच्या डोळ्यांदेखत कुत्र्याने सुरवंट किंवा बेडूक धरला असेल आणि कुत्रा तुमच्या ओळखीचा, लस दिलेला असेल, तर त्याचे डोके खाली झुकवून ओठाच्या बाजूने तांब्याने किंवा नळीने हलकी धार सोडा. पाणी आत शिरून बाहेर सांडले पाहिजे, घशात जाता कामा नये. पाच-दहा मिनिटे असे धुवा. बेडूक धरल्यावर झटके आले, कुत्रा भेलकांडला, तर दवाखान्यात न्यावेच लागते.

खरे विष आपण टाकलेले असते

वस्तीत जागा कमी. एकाच खोलीत चूल, अंथरूण, दप्तर आणि कुत्र्याची थाळी. त्याच खोलीत झुरळांचा खडू, मुंग्यांची पावडर, फवारा आणि उंदराचे औषध. कुत्र्याने औषधाने मेलेले एखादे झुरळ खाल्ले तर त्यातले विष फारच थोडे असते. मोठ्या कुत्र्याला त्याने सहसा काही होत नाही. पण त्याने खडूच चघळला, पावडर चाटली किंवा उंदराची वडी खाल्ली, तर ती विषबाधा आहे.

झुरळ-मुंग्यांच्या औषधाची बाधा झाली की लाळ गळते, अंग थरथरते, कुत्रा अडखळतो, झटके येतात. शेतात फवारण्याच्या काही औषधांनी याबरोबर डोळ्यांतून पाणी आणि जुलाबही सुरू होतात. उंदराच्या काही वड्यांचा परिणाम लगेच दिसत नाही. दोन-पाच दिवसांनी नाकातून, हिरड्यांतून, शौचातून रक्त येऊ लागते. म्हणून वडी खाल्ल्याचे दिसले आणि कुत्रा ठणठणीत वाटला, तरी त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवा.

धान्यात ठेवायची गोळी आणि उंदरांची काळी पावडर यांचा पोटात गेल्यावर विषारी वायू होतो. अशा कुत्र्याच्या उलटीजवळ तोंड नेऊ नका, दारे-खिडक्या उघडा आणि मुलांना बाहेर काढा.

विषबाधेची शंका आली की औषधाचे पाकीट, खडूचा तुकडा, पुडीचा कागद जो मिळेल तो सोबत घ्या. पाकिटावरचे नाव वाचून डॉक्टरांना उपचार लगेच ठरवता येतो. औषध केसांवर सांडले असेल तर हातात प्लास्टिकची पिशवी घालून साबण-पाण्याने अंग धुवा, म्हणजे कुत्रा ते पुन्हा चाटणार नाही.

यापुढे खडूच्या रेघा मोकळ्या फरशीवर ओढू नका. औषध फटीत, ओट्याच्या मागे, कुत्र्याची आणि रांगत्या बाळाची जीभ पोचणार नाही तिथे लावा. मेलेली झुरळे सकाळी झाडून उचला. कुत्र्यासाठी आणलेली पिसवांची पावडर मांजरीला लावू नका. त्यातल्या काही औषधांनी मांजर दगावते. रात्री खरकटे झाकले, मोरीला जाळी बसवली, ओल बुजवली की झुरळे आपोआप कमी होतात. औषध कमी लागते आणि जीवहत्याही कमी घडते. पहिले शील पाळायला स्वच्छतेची अशी मदत होते.

हे उपाय करू नका

मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. जास्त मीठ हे कुत्र्याला स्वतःच विष आहे. दूध हा विषावरचा उतारा नाही. तेल-तूप जबरदस्तीने ओतले तर ते श्वासनलिकेत जाते आणि कुत्र्याला न्यूमोनिया होतो. ताप-अंगदुखीच्या आपल्या गोळ्या, म्हणजे पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, देऊ नका. त्यांनी यकृत, मूत्रपिंड आणि पोट खराब होते. झटके येत असताना तोंडात चमचा घालणे, नाकाला कांदा किंवा चप्पल लावणे याचा काही उपयोग नाही. आजूबाजूचे सामान हलवा, आवाज बंद करा, झटका किती वेळ टिकला ते बघा आणि दवाखान्याची तयारी करा. दृष्ट काढणे, लिंबू उतरवणे यात जो अर्धा तास जातो, त्या अर्ध्या तासात बाबासाहेबांच्या लेकरांनी रिक्षा शोधावी.

काही किडे पोटात जंत सोडतात

अंगावरची पिसू कुत्रा चावून गिळतो. तिच्यातून चपटा जंत पोटात जातो. मग शेपटीखाली आणि अंथरुणावर तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे, वळवळणारे तुकडे दिसतात. कुत्र्याशी खेळताना चुकून पिसू तोंडात गेली तर हाच जंत लहान मुलालाही होतो. शेणातले भुंगे खाल्ल्याने अन्ननलिकेत गाठी करणारा जंत होतो. कोंबडीच्या दुकानातली कच्ची आतडी खाऊनही तो होऊ शकतो. असा कुत्रा खाल्लेले वारंवार बाहेर टाकतो आणि वाळत जातो.

यावर उपाय साधा आहे. पशुवैद्याच्या सल्ल्याने साधारण दर तीन महिन्यांनी जंताचे औषध, पिसवांवर औषध, आणि कुत्र्याच्या अंगावर हात फिरवल्यावर मुलांनी साबणाने हात धुवायची सवय.

लाळ गळते, पण किडा खाताना कोणी पाहिले नाही

हा भाग घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

कुत्र्याच्या तोंडातून लाळ गळते, जबडा लोंबतो, पाणी गिळता येत नाही, आवाज घोगरा झाला आहे. बघणाऱ्याला वाटते, काहीतरी किडा खाल्ला किंवा घशात हाड अडकले. मायेने कोणीतरी जबडा उघडून आत हात घालतो. पण ही सगळी लक्षणे रेबीजची असू शकतात. रेबीजचा प्रत्येक कुत्रा पिसाळून अंगावर धावत नाही. काही कुत्रे मुके होऊन कोपऱ्यात बसतात आणि त्यांचा जबडा लुळा पडतो. त्यांच्या लाळेतही विषाणू असतोच. कष्टकऱ्याच्या हाताला भेगा असतात, विळीने कापलेले असते, सिमेंटने सोललेले असते. तेवढी जखम या विषाणूला पुरते. गोंडस पिल्लालाही रेबीज होतो.

रेबीजची लक्षणे एकदा माणसात दिसली की वाचणे जवळजवळ अशक्य असते. लक्षणे दिसण्याआधी वेळेवर आणि पूर्ण उपचार घेतले, तर तो टाळता येतो. लुई पाश्चर यांनी १८८५ साली कुत्रा चावलेल्या एका मुलाला पहिली लस दिली आणि तो मुलगा वाचला. तरीही आज या रोगाने माणसे मरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार, संशयित रेबीज जनावरे ज्यांना चावतात त्यांच्यातले सुमारे ४० टक्के हे १५ वर्षांखालची मुले असतात. रस्त्यावरच्या पिल्लाबरोबर खेळणारी आपली मुले त्यात येतात. ओरडा बसेल या भीतीने मूल ओरखडा लपवते. म्हणून मुलांना आधीच सांगून ठेवा: कुत्रा चावला, ओरखडला, जखम चाटली तर घरी सांगायचे, कोणी रागावणार नाही.

अशा कुत्र्यापासून मुलांना दूर ठेवा. त्याला हाताने धरू नका, दगडही मारू नका. महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीला कळवा. आणि चावा, ओरखडा झाला किंवा लाळ जखमेला, डोळ्याला, तोंडाला लागली तर:

- जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवा. डोळा असेल तर नुसत्या पाण्याने धुवा.
- हळद, चुना, मिरची, तेल, तंबाखू काही लावू नका.
- त्याच दिवशी सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात जा. लस तिथे मोफत मिळते. ती आता दंडावर देतात. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती आता मनातून काढून टाका.
- लस कातडीत दिली तर पहिल्या दिवसानंतर ३, ७ आणि २८ व्या दिवशी, स्नायूत दिली तर ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी पुन्हा घ्यावी लागते. रक्त येणाऱ्या चाव्यात आणि लाळ जखमेत, डोळ्यात किंवा तोंडात गेली असेल तर सीरमही लागते. ते मागून घ्या.
- कुत्रा दहा दिवस जगतो का, हे बघावे. पण तोवर लस थांबवू नये.

रोजगार बुडतो म्हणून शेवटचा डोस चुकवणारे आपल्यात बरेच आहेत. एका दिवसाची मजुरी पुढच्या आठवड्यात भरून निघेल.

कुत्र्याला कुठे न्यायचे

तालुक्याच्या आणि मोठ्या गावांच्या ठिकाणी पशुसंवर्धन खात्याचे पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. तिथे गाई-म्हशींबरोबर कुत्र्या-मांजरांनाही बघतात. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचे रुग्णालय आहे. ज्या परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब अनेक वर्षे राहिले, तोच हा भाग. नागपुरात सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. आपल्या जवळच्या दवाखान्याचा फोन नंबर आजच भिंतीवर लिहून ठेवा. नेताना कुत्र्याच्या तोंडाला फडक्याची सैल पट्टी बांधा. दुखणाऱ्या अंगाला हात लागला की घरचा कुत्राही चावतो. पण तो ओकत असेल किंवा त्याला धाप लागली असेल तर तोंड बांधू नका, मोठ्या टोपल्यात किंवा गोणपाटावर घालून न्या.

पाळलेल्या पिल्लाला तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस द्या, डॉक्टर सांगतील तेव्हा पुढचा डोस आणि मग दरवर्षी.

वस्तीतल्या बेवारस कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण ही २०२३ च्या पशु जन्म नियंत्रण नियमांनुसार स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. आपल्या वस्तीत ती गाडी येत नसेल तर विहार समितीच्या नावाने लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि पंधरा दिवसांनी पुन्हा विचारा. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन वर्षावासाच्याच सुमारास येतो. त्या दिवशी विहाराच्या अंगणात लसीकरण शिबिर ठेवावे, अशी मागणी अर्जातच करता येईल.

करुणा माणसांपुरती असते, मैत्री सर्व प्राणिमात्रांसाठी असते, असे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात समजावून सांगितले आहे. दारातल्या मुक्या जनावरावरची मैत्री म्हणजे त्याची थाळी स्वच्छ ठेवणे, विष त्याच्या वाटेतून उचलणे आणि वेळेवर लस टोचून घेणे. त्याने आज एखादे झुरळ खाल्ले असेल, तर पाण्याचे भांडे भरून ठेवा आणि तासभर त्याच्यावर नजर ठेवा. बहुतेक वेळा तेवढेच पुरते.

जयभीम. नमो बुद्धाय.